विश्लेषण : घरच्या फिश टँकमध्ये मासे नेमके किती ठेवायचे?

पनवेलहून नवी काचेची टाकी शिरढोणच्या घरी पोहोचते, तेव्हा अनेकदा माशांचा आकडा आधीच ठरलेला असतो. नऊ. आठ सोनेरी, एक काळा. फेंगशुईतला हा आकडा घराला शुभ मानला जातो. माशांना मात्र तो जिवावर बेततो. किती मासे जगतील, हे शेवटी पाणीच ठरवते.

पाण्यात काय घडते?
माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून विषारी अमोनिया पाण्यात मिसळतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी नऊ मासे सोडले, तर ते एकेक करून मरू लागतात आणि दोष मात्र ‘नाजूक जाती’ला दिला जातो.

हिशेब कसा करायचा?
जुना ठोकताळा असा : पूर्ण वाढलेल्या माशाच्या दर इंचाला सुमारे चार लिटर पाणी. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत ५६ लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वगळली, तर साधारण ४५ लिटर उरते. म्हणजे दीड इंचाचे सात गप्पी. तेही फक्त नर. मादी असली तर महिनाभरात पिल्ले होतात आणि हिशेब कोलमडतो.

गोल्डफिशचे काय?
दुकानात दीड इंचाचा दिसणारा गोल्डफिश सहा इंचांहून मोठा होतो. लांबी दुप्पट झाली, की वजन जवळपास आठपट होते. त्यामुळे इंचांचा नियम छोट्या माशांपुरताच खरा. नऊ गोल्डफिशना दोन फुटांची टाकी म्हणजे कोंडवाडाच.

उन्हाळ्यात काय बदलते?
पाणी तापले, की त्यातला प्राणवायू घटतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. त्यात वीज गेली, की हवेचा पंपही बंद. म्हणून माशांची संख्या जानेवारीतल्या नव्हे, मे महिन्यातल्या दुपारच्या हिशेबाने ठरवावी.

जास्त झालेले मासे तळ्यात सोडणे हा उपाय नव्हे. परदेशी जाती स्थानिक माशांच्या मुळावर येतात. त्यापेक्षा तीन माशांनी सुरुवात करावी, दर आठवड्याला चौथाई पाणी बदलावे आणि महिन्याभराने पुढचा मासा आणावा. टाकी थोडी रिकामी दिसेल, पण मासे जगतील.