तुमच्या फॅमिली डॉक्टरांचा अभ्यास आणि तुमची सलाईन

"डॉक्टर, फार अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून द्या." जळगाव असो की धुळे, हे वाक्य ऐकल्याशिवाय आमची ओपीडी संपत नाही. कदाचित तुम्हीही कधी असे म्हटले असेल. पण ही सवय लावली ती आम्ही डॉक्टरांनीच. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात मीही मागेल त्याला सलाईन लावत होतो. पेशंट खूश होऊन जायचा आणि मला वाटायचे, उपचार लागू पडला.

खरे गणित वेगळे आहे. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत फक्त २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. एक कळण्याची भाकरी त्याहून जास्त देते. मग बरे का वाटते? साधा व्हायरल ताप बहुधा चार-पाच दिवसांत आपोआप उतरतो. तुम्ही येता तिसऱ्या दिवशी. चौथ्या दिवशी ताप उतरला की श्रेय सलाईनला! अशा शंभर पेशंटचा 'अनुभव' डॉक्टरलाही फसवतो.

ही फसवणूक टाळण्यासाठीच पुराव्यावर आधारित वैद्यकशास्त्र आहे. अमेरिकेत जन्मलेले आणि कॅनडात काम केलेले डॉ. डेव्हिड सॅकेट यांनी १९९६ मध्ये त्याची सोपी मांडणी केली. संशोधनातला उत्तम पुरावा, डॉक्टरचा अनुभव आणि पेशंटची इच्छा व परिस्थिती, या तिन्हींचा मेळ घालून निर्णय घ्यायचा. यात अनुभव बाद होत नाही, तो तपासून घेतला जातो.

पुराव्याची ताकद आपल्याच देशाने पाहिली आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावण्यांत कॉलऱ्याची साथ आली. बनगावला सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजायला सुरुवात केली आणि त्याची नोंद ठेवली. मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. तरीही आज जुलाब झालेल्या बाळाची आई ओआरएसचे पाकीट पाहून नाराज होते, आणि डॉक्टर तिला नाराज करायला घाबरतात. पेशंट समोरच्या दवाखान्यात जाईल ही भीती खरी आहे. ती मलाही वाटते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की फॅमिली डॉक्टरांना हे शास्त्र शिकवले पाहिजे, पण ते सध्याच्या पद्धतीने नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नियमानुसार ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. ते बहुतेकदा हॉटेलातली व्याख्याने ऐकून मिळतात. अनेकदा खर्च औषध कंपनीचा असतो आणि विषय असतो नवे औषध. यातून पॉइंट मिळतात, पण प्रश्न विचारायची सवय लागत नाही.

त्यापेक्षा तालुक्यातल्या आठ-दहा डॉक्टरांनी महिन्यातून एकदा बसावे. प्रत्येकाने स्वतःच्या ओपीडीतला एक प्रश्न आणावा. सर्दीला अँटिबायोटिक दिल्याने पेशंट लवकर बरा होतो का? या खोकल्याला एक्स-रे हवा का? उत्तर मोबाइलवर सगळ्यांनी मिळून शोधावे. धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी मार्गदर्शन करावे. खेड्यापाड्यांत सेवा देणाऱ्या आयुर्वेद व होमिओपॅथीच्या पदवीधरांनाही त्यात बोलवावे, कारण बहुतेक पेशंट आधी त्यांच्याकडेच जातात.

आता तुमचे काम. पुढच्या वेळी डॉक्टरांना आदराने तीन प्रश्न विचारा:

१. हे औषध घेतले नाही तर काय होईल?
२. फायदा किती, त्रास काय होऊ शकतो?
३. यापेक्षा साधा पर्याय आहे का?

मात्र हट्टाने सलाईन नाकारूही नका. बाळ सुस्त पडले असेल, पाणी पिऊ शकत नसेल, सतत उलट्या होत असतील किंवा लघवी बंद झाली असेल, तर सलाईन जीव वाचवते. तिथे क्षणाचाही उशीर नको.

आणि एखादे डॉक्टर म्हणाले, "थांबा, हे मला एकदा बघून सांगावे लागेल," तर त्यांना काही येत नाही असे समजू नका. असे डॉक्टर सोडू नका.