सहल बसच्या मापाची की होडीच्या?

दिवाळी सरली की शाळा, कार्यालये, महिला मंडळे आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांच्या सहलींचे बेत शिजू लागतात, आणि त्यांतले बरेच कोकणाकडे वळतात. बेत ठरण्याची रीत सगळीकडे सारखीच. आधी बस ठरते. बस पन्नास आसनांची म्हणून माणसे पन्नास जमवली जातात. एखादी जागा रिकामी राहिली तर कुणाच्या तरी मेहुण्याला गळ घातली जाते. मग या पन्नास जणांना दोन दिवसांत काय काय उरकता येईल त्याची यादी निघते: एक जलदुर्ग, दोन किनारे, एक देऊळ, मासळीचे जेवण आणि परतताना आमसुले-आंबापोळीची खरेदी. यादी वाईट नाही, पण तिचे माप चुकलेले असते. कोकणच्या किनाऱ्यावर पाहण्यासारखे जे आहे त्यातले बहुतेक पन्नास आसनांच्या मापाचे नाही. ते होडीच्या आणि घराच्या पडवीच्या मापाचे आहे, आणि चालते भरती-ओहोटीच्या घड्याळावर. म्हणून गटाने कोकणात जरूर जावे, पण गट केवढा आणि दिवस कसा हे बसकडे पाहून ठरवू नये, होडीकडे पाहून ठरवावे.

आधी घड्याळाचे पाहू. अलिबागचा कुलाबा किल्ला किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, खडकावर उभा आहे. ओहोटीला तिथे चालत जाता येते, भरतीला मध्ये पाणी असते. ही वेळ काढायला कोणतेही यंत्र लागत नाही. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा, की तिथीला पाऊणने गुणावे, येईल तो आकडा भरतीचा. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला आणि ओहोटी त्याआधी साधारण सहा तास, सकाळी नऊच्या आसपास. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती बाराच्या सुमाराची. आता पुण्याहून पहाटे निघालेली बस साडेदहा-अकराला अलिबागला पोहोचते. ती पौर्णिमेला पोहोचली तर किल्ल्याभोवती पाणी चढत असते, चतुर्थीला पोहोचली तर वाट हातची निसटू लागलेली असते. शिवाय अष्टमीच्या आगेमागे, ज्याला किनाऱ्यावर भांग म्हणतात त्या दिवसांत, ओहोटीलाही पाणी पुरते हटत नाही. म्हणजे दिनदर्शिकेत शनिवार-रविवार पाहिला आणि शेजारचीच तिथी पाहिली नाही, एवढ्यावर सहलीतला मुख्य कार्यक्रम फसतो. मग वेळ भरून काढायला गट काय करतो? पाण्यात उतरतो. सहलीतला धोका अनेकदा असा रिकाम्या तासातून येतो.

दुसरे माप होडीचे. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत एका बचतगटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. होडीला इंजिन नाही, आणि तिथे जे मिळते ते शांततेमुळेच मिळते: चिखलातून वर आलेली श्वसनमुळे, खंड्याची निळी झेप, बुंध्यावर चढणारे खेकडे. होडी लहान, माणसे थोडी. समजा एका होडीत सहा जण बसले, फेरी तासाची धरली आणि दोन होड्या मिळाल्या, तर पन्नास जणांना पाच तास लागतात. गटाच्या म्होरक्याकडे पाच तास नसतात. मग एक तर फेऱ्या आखडत्या घ्याव्या लागतात, नाही तर होडीत जास्त माणसे बसवण्याचा आग्रह सुरू होतो, नाही तर हा कार्यक्रमच यादीतून गळतो आणि बस पुढच्या किनाऱ्याला लागते. जंजिऱ्याची गतही वेगळी नाही. राजपुरीच्या धक्क्यावर रांग, मग होडी, मग किल्ल्याच्या दारात उतरण्याची खटपट, आणि परतीच्या होडीसाठी घड्याळावर नजर. मालवणसमोर कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात शिवाजी महाराजांनी बांधून घेतलेला सिंधुदुर्ग तर तास-दीड तास निवांत फिरण्याचा किल्ला आहे. चहूबाजूंनी खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे, आणि तटाच्या आत काही कुटुंबे आजही राहतात. ते पाहायला आणि चार शब्द बोलायला सवड लागते. पन्नासांचा घोळका दारातून आत जातो, छायाचित्र काढतो आणि बाहेर येतो.

तिसरे माप जागेच्या सोसण्याचे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाचवण्याचे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली सुरू केले आणि पुढे त्यातूनच कासव महोत्सव उभा राहिला. तिथे मोठी हॉटेले नाहीत. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात आणि जेवतात. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यांवरच्या टोपल्या उचलल्या जातात. पिल्ले बाहेर आली असतील तर ती वाळूवर सोडतात आणि लोक दोरीमागे उभे राहून त्यांची समुद्राकडची वाटचाल पाहतात. एखाद्या दिवशी टोपलीखाली एकही पिल्लू नसते. ज्या गटाने मुक्काम केला आहे त्याला दुसऱ्या सकाळची आशा असते. ज्याची बस खोळंबली आहे तो गट नाराज होतो आणि राग गावकऱ्यांवर काढतो. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे, आणि त्याच्या पोटात आणखी प्राणी कोरलेले आहेत. हे चित्र एका जागी उभे राहून दिसत नाही. कडेकडेने फिरावे, ऊन तिरपे असताना पाहावे, मग सोंडेची रेघ पायांच्या रेघेला जोडली जाते आणि अचानक सगळा हत्ती उमटतो. पन्नास माणसे एकदम आली की निम्मी हत्तीवरच उभी राहतात. त्यांना चित्रही दिसत नाही आणि रेघांची झीज मात्र होते. कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत, आणि २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली तेव्हा त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग होते. गर्दी यापुढे वाढणार, हे गृहीतच धरायला हवे.

सुरक्षिततेचा मुद्दा याहून गंभीर आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंग करून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. या दोन घटनांची कारणे वेगवेगळी होती आणि एकाच मापाने दोन्ही मोजणे बरोबर नाही. तरी एक गोष्ट कोणत्याही किनाऱ्याला लागू आहे. दहा जणांवर दोघांची नजर राहते, शंभर जणांवर विसांची राहत नाही; कारण मोठ्या जमावात प्रत्येकाला वाटते की दुसरा कुणी तरी पाहतोच आहे. लहान गटात कोण पाण्यात आहे आणि कोण बाहेर, हे मोजावे लागत नाही, दिसतेच.

याचा अर्थ मोठ्या गटाला कोकणात काहीच नाही असा नव्हे, आणि तसे म्हणणे कोकणावर अन्याय होईल. पन्नास जणांना बससकट सामावून घेणारी एक होडी कोकणात आहेच. तिला लोक जंगलजेटी म्हणतात. दाभोळहून धोपाव्याला, वेश्वीहून बागमांडल्याला किंवा तवसाळहून जयगडला बस तिच्यावर चढते, माणसे कठड्याला टेकून उभी राहतात आणि डोंगराच्या वळणांचा मोठा वळसा वाचतो. हर्णैला मासळीचा लिलाव उघड्या किनाऱ्यावर चालतो. होड्यांतून उतरलेली मासळी बैलगाडीने वाळूवर आणण्याची रीत तिथे आहे, आणि समोर समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. वाट अडवली नाही तर वीस-पंचवीस जणांना हा लिलाव खुशाल पाहता येतो. आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यात कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रांना दशावतार सुरू झाला, की देवळासमोरच्या अंगणात पन्नास काय, पाचशे माणसे मावतात. तिकीट नाही, खुर्ची नाही, रात्रभर नाटक. मात्र त्यासाठी गावात मुक्काम हवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातची बस नको. थोडक्यात, ठिकाण गटासाठी योग्य आहे का, हा प्रश्नच अपुरा आहे. केवढ्या गटासाठी, कोणत्या वेळी आणि किती सवडीने, हे तीन प्रश्न त्याला जोडल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा घेतला जाईल आणि तो खोटा नाही. बसचे भाडे पन्नास जणांत वाटले की परवडते, पंधरा जणांत वाटले की शाळेतल्या निम्म्या मुलांची नावे गळतात. पण गट लहान करायला बस लहान करावी लागत नाही. बस तीच ठेवून उतरल्यावर गटाचे तीन भाग करता येतात. मालवणला एक भाग किल्ल्यात, दुसरा बाजारात आणि बंदरावर, तिसरा रॉक गार्डनला. दीड-दोन तासांनी अदलाबदल. कशेळीला एक भाग हत्तीजवळ असताना दुसरा कनकादित्याच्या देवळात थांबू शकतो. यासाठी जास्तीचे पैसे लागत नाहीत, लागतो तो तीन जबाबदार माणसांचा आणि एका कागदावर लिहिलेल्या वेळापत्रकाचा खर्च. पाच ठिकाणांऐवजी दोनच पाहिली तर डिझेलही कमी जळते. ज्येष्ठांच्या सहलींना तर हा क्रम अधिकच मानवतो, कारण त्यांना धावपळ नको असते आणि बसायला सावली हवी असते.

दुसरा आक्षेप किनाऱ्यावरून येईल. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. एवढ्या वर्षांनी गर्दी येऊ लागली आहे, आणि आता गर्दी नको म्हणता? हा प्रश्न रास्त आहे, कारण होडीवाल्याचा हंगाम लहान असतो. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद राहतात, म्हणजे उरलेल्या महिन्यांत वर्षाचे पोट भरायचे. पण गर्दी आणि कमाई या दोन गोष्टी एक नाहीत. सकाळी येऊन संध्याकाळी परतणारी बस वाहनतळाचे पैसे, एक जेवण आणि बराच कचरा मागे ठेवते. दोन रात्री राहणारा गट खोलीचे, चार जेवणांचे, होडीचे, वाटाड्याचे आणि खरेदीचे पैसे ठेवतो, आणि ते पाच-सहा घरांत वाटले जातात. यात पाण्याचाही हिशेब आहे. एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या अनेक गावांना टँकर लागतो. धो धो पाऊस पडणाऱ्या या पट्टीत जांभा पाणी धरून ठेवत नाही. त्याच दिवसांत किनाऱ्यावर बसगाड्यांचीही गर्दी असते. पर्यटन नोव्हेंबर ते मार्च या काळात आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत पसरले, तर होडीवाल्याची कमाई कमी होणार नाही आणि गावच्या विहिरीवरचा ताण मात्र हलका होईल.

तिसरा आक्षेप असा, की हे सगळे सरकारचे काम आहे. जीवरक्षक नेमा, धक्के बांधा, होड्या तपासा. ते सरकारने करायलाच हवे, आणि त्यात आणखी दोन स्वस्त गोष्टींची भर घालावी. एक म्हणजे प्रत्येक गर्दीच्या किनाऱ्यावर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि रोज बदलून लिहिणारा फळा. दुसरी म्हणजे जलदुर्गांच्या आणि कांदळवनाच्या होड्यांसाठी आधी वेळ राखून ठेवण्याची सोय, म्हणजे गट निघण्याआधीच त्याला कळेल की आपल्या वाट्याला किती आसने आहेत. पण जीवरक्षक बसमधल्या माणसांची संख्या ठरवत नाही आणि फळा सहलीची तारीख ठरवत नाही. ते दोन्ही निर्णय घरी, शाळेच्या कचेरीत किंवा मंडळाच्या बैठकीत होतात, आणि सहल सुखाची होणार की दमछाकीची हे तिथेच ठरून गेलेले असते.

तेव्हा यंदा सहलीची बैठक बसेल तेव्हा बसवाल्याला फोन करण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहून तिला पाऊणने गुणावे. जिथे जायचे तिथल्या होडीवाल्याला किंवा घरगुती मुक्काम देणाऱ्याला विचारावे की एका वेळी किती माणसे सोयीची. आणि यादीतली निम्मी ठिकाणे खोडून मुक्काम एक रात्रीने वाढवावा. बस त्यानंतर ठरवावी.