गॅस संपलाय, मॅडम!

‘गॅस संपलाय, मॅडम. भरावा लागेल.’ पुणे असो नाहीतर ठाणे, एसी बघायला आलेला माणूस दहाव्या मिनिटाला हे वाक्य टाकतोच. फिनिक्सला राहायला आले तेव्हा वाटलं, सुटले एकदाची! कसलं काय? इथे तेच वाक्य इंग्लिशमध्ये ऐकायचं आणि डॉलर मोजायचे, एवढाच फरक.

फिनिक्स म्हणजे अमेरिकेतलं अ‍ॅरिझोना. चक्क वाळवंट. 26 जून 1990 ला इथे पारा 50 अंश सेल्सियसवर गेला होता. 2023 मध्ये 30 जूनपासून सलग 31 दिवस कमाल तापमान 43 च्या वर होतं आणि ओळीने 16 रात्री पारा 32 च्या खाली उतरलाच नाही. त्या वर्षी इथल्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेने 645 माणसं गेली. त्यातली काही घरातच गेली. घरात एसी होता, पण तो चालत नव्हता. तेव्हा इथे एसी म्हणजे चैन नाही, फ्रिज आणि नळासारखीच गरज आहे.

मी मूळची नागपूरची. उन्हाचा माज होताच. एसी घरोघरी येण्याआधी फिनिक्सही कूलरवरच जगायचं, हे कळल्यावर तर एकदम माहेरचं वाटलं. पण जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट झाली की कूलर इथेही नागपूरसारखाच मान टाकतो.

तर झालं असं. 2025 च्या मे महिन्यात माझ्या एसीची हवा कोमट यायला लागली. एक टेक्निशियन आला, गॅस भरला, 400 डॉलर घेतले आणि वीस मिनिटांत गेला. जूनमध्ये एसी बंदच पडला. या वेळी कपॅसिटर उडाला होता. मोटारला सुरू व्हायला धक्का देणारा हा छोटा डबा उन्हाळ्यात इथे सर्रास जातो. 250 डॉलर. म्हटलं, चला, आता सगळं झालं.

जुलैमध्ये आई-बाबा आले. चौथ्याच दिवशी पुन्हा कोमट हवा! रात्री अकराला घरात 34 अंश. आईने खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या. बाबांना बीपीची गोळी चालू आहे. ‘आपल्याला सवय आहे’ म्हणत ते पंख्याखाली बसले होते, पण चेहरा लाल झालेला. माझं धाबं दणाणलं. दोघांना गाडीत घातलं आणि मैत्रिणीच्या घरी जाऊन झोपलो.

सकाळी दुसऱ्या कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅबलेट. ‘सिस्टीम 12 वर्षांची आहे. यातला गॅस आता बंद झालाय. नवीनच बसवा, 12,000 डॉलर. आज सही केलीत तर डिस्काउंट.’ मी सही करणारच होते. रात्रीचं सगळं डोळ्यांसमोर होतं ना!

बाबांनी विचारलं, ‘काय म्हणते तो?’ मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘मे महिन्यात भरलेला गॅस गेला कुठे? काहून गं, हे मशीन गॅस पेते का? सायकलचं पंक्चर न काढता हवा भरत बसलीस तू.’

इंजिनीअर मी, आणि प्रश्न विचारला दर एप्रिलला कूलरची खस बदलणाऱ्या माणसाने!

मुद्दा बरोबरच होता. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तोच गॅस बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळतोय. आणि ‘गॅस बंद झालाय’ हे अर्धसत्य होतं. 1 जानेवारी 2025 पासून अमेरिकेत आर-410ए वर चालणारे नवे घरगुती एसी बनवणं बंद झालं, पण जुने दुरुस्त करायला आणि त्यात तो गॅस भरायला बंदी नाही.

तिसरा टेक्निशियन पांढऱ्या मिशीचा, कमी बोलणारा. बाहेरचं युनिट उघडून टॉर्च मारला आणि तेलकट डाग दाखवला. तांब्याची नळी थरथरून पत्र्याला घासत होती, तिथे टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलेलं! उरलेला गॅस काढून घेऊन त्याने ते भोक डाग देऊन बुजवलं, नळी पुन्हा घासू नये म्हणून क्लॅम्प लावला, नायट्रोजन भरून गळती तपासली, मग व्हॅक्यूम करून गॅस वजन करून भरला. धुळीच्या वादळांनी गच्च भरलेली कॉइल पाण्याने धुतली. गॅस कमी आणि कॉइल बंद, म्हणून मशीन दिवसभर तापत पळत होतं. कपॅसिटर बिचारा त्यात भाजून निघाला होता. पाच तास, 1,100 डॉलर. महाग? मधले 650 वाया गेले ते जास्त महाग.

तेव्हापासून मी चार नियम केलेत. गॅस कमी म्हटलं की ‘कुठून गेला ते दाखवा’ म्हणायचं. पार्ट जळला तर ‘का जळला?’ विचारायचं आणि काय केलं ते बिलावर लिहून घ्यायचं. फिल्टर उन्हाळ्यात दर महिन्याला बघायचा आणि सर्व्हिसिंग मार्चमध्येच उरकायचं, कारण जुलैत आपण घाबरलेले असतो आणि घाबरलेलं गिऱ्हाईक कुठेही सही करतं. चौथा नियम इथल्यापुरता: लायसन्स तपासायचं. अ‍ॅरिझोनात कंत्राटदारांची सरकारी नोंदणी असते आणि काम नीट झालं नसेल तर दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. बाकीचे तीन मात्र पुण्या-ठाण्यातही बिनदिक्कत वापरा.

बाबा आता नागपुरात आहेत. दर रविवारी फोन येतो. तब्येत, ऑफिस, पोहे जमतात का वगैरे झालं की शेवटचा प्रश्न ठरलेला असतो.

‘गॅस आहे ना गं?’

आहे बाबा. जागचा हललेला नाही.