आत्याची निसटलेली चप्पल

गेल्या अक्षय्य तृतीयेला आमच्या आत्याचे दुसरे वर्षीतप पूर्ण झाले. उसाच्या रसाने पारणे झाले, नातलगांची रीघ लागली, सर्वांच्या मुखी तिच्या तपाची अनुमोदना होती. मंडपातून घराकडे निघताना आत्या चार पावले चालली आणि मागून येणाऱ्या माझ्या मुलीने हाक मारली, "आजी, तुमची चप्पल मागेच राहिली!" आत्याने खाली पाहिले. उजवा पाय अनवाणी होता आणि तिला ते कळलेच नव्हते. सगळे हसले. आत्याही हसली.

आज ते हसणे आठवले की मला अपराधी वाटते. दोन वर्षांपासून तिच्या तळपायांना मुंग्या येत होत्या. "पायाखाली कापूस पसरल्यासारखे वाटते रे," असे ती म्हणे. पहाटेच्या अंधारात स्थानकाकडे निघाली की भिंतीचा आधार शोधी. आम्ही सर्वांनी मिळून एकच निदान करून टाकले होते : वय झाले! कोणी मालिशचे तेल आणले, कोणी टोचणाऱ्या दाण्यांच्या चपला आणल्या. दाळमंडईत मूठभर माल तळहातावर घेऊन पाहिल्याशिवाय पोत्याचा भाव न बोलणारा मी, हे निदान मात्र न तपासता स्वीकारून बसलो होतो.

शेवटी परिचयातील एका मज्जातंतुतज्ज्ञ डॉक्टरांकडे तिला नेले. त्यांना प्रसिद्धीची आवड नाही, म्हणून नाव देत नाही. त्यांनी दोन दातांचा पोलादी ट्यूनिंग फोर्क तळहातावर आपटून आत्याच्या कोपराच्या हाडावर टेकवला. "गुणगुणल्यासारखे लागते," आत्या म्हणाली. मग तोच घोट्याच्या हाडावर टेकवला. आत्या क्षणभर थांबली आणि तिने विचारले, "लावलात का?"

डॉक्टरांनी तिला पाय जुळवून, डोळे मिटून उभे राहण्यास सांगितले. ती डोलू लागली. त्यांनीच तिला सावरले. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "मधुमेहाने नसा बिघडतात, हे खरेच. पण यांचे बी-१२ केव्हा तपासले होते?"

आमच्या फायलीत बारा वर्षांचे साखरेचे अहवाल तारखेनुसार लावलेले होते. बी-१२चा एकही नव्हता. दुसऱ्या दिवशी तो आला. प्रमाण फारच खाली होते.

"पण डॉक्टर, आमच्या घरी दूध, तूप, दही कशाची उणीव नाही," मी म्हणालो. व्यापाऱ्याच्या घरी उपासमार झाली, असे ऐकून घेणे मला जड जात होते.

"तुपाला यातून वगळा," ते म्हणाले. "बी-१२ पाण्यात विरघळणारे जीवनसत्त्व आहे, तुपात ते उतरत नाही. दुधात आहे, पण थोडे. पेलाभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम. माणसाला दिवसाला दोन ते अडीच लागते. आता सांगा, तुमच्या आत्या दिवसाला दूध किती घेतात?"

हिशेब केला. दोन वेळच्या चहातले चार चमचे आणि पाणी घालून पातळ केलेले वाटीभर ताक. उपवासाच्या दिवशी तेवढेही नाही. घरात दूध भरपूर येत होते, ते नातवंडांना जात होते.

"शिवाय त्यांना दोन गोळ्या चालू आहेत," डॉक्टर पुढे म्हणाले. "मधुमेहाची मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतली की बी-१२चे शोषण कमी होते. आणि पित्तासाठी रोज घेतली जाणारी ही गोळी जठरातले आम्ल कमी करते. अन्नातले बी-१२ सुटे व्हायला तेच आम्ल लागते. आवक आधीच थोडी, त्यात दारावर दोन अडथळे. मात्र हे ऐकून मेटफॉर्मिन बंद करू नका. ते चांगले औषध आहे. बी-१२ तपासा, एवढेच माझे म्हणणे."

मी विचारले, "मग हे इतकी वर्षे दिसले का नाही?" ते हसून म्हणाले, "तुम्ही व्यापारी आहात, तुम्हाला सोपे आहे. यकृत हे बी-१२चे गोदाम. त्यात काही वर्षे पुरेल एवढा साठा असतो. खरेदी थांबली तरी दुकान चालूच राहते आणि मालकाला वाटते, सारे ठीक आहे. गोदाम रिकामे झाल्यावरच कळते."

वाचकहो, मनात एक गोष्ट सलत होती : हे जीवनसत्त्व मुळात येते कोठून? आपला नगर जिल्हा दुधाचा. म्हणून दुग्धशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांना गाठले. त्यांचे उत्तर मला अद्भुत वाटले.

"बी-१२ कोणतीही वनस्पती तयार करत नाही आणि कोणताही प्राणीही तयार करत नाही," ते म्हणाले. "ते फक्त सूक्ष्म जीवाणू घडवतात. त्याच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्ट या धातूचा एक अणू असतो. जमिनीतला कोबाल्ट चाऱ्यात येतो, चारा गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात जातो, तिथले जीवाणू बी-१२ तयार करतात आणि त्याचा थोडा अंश दुधात उतरतो."

"मग आपल्या आतड्यात जीवाणू नाहीत का?"

"आहेत, आणि तेही बी-१२ बनवतात. पण मोठ्या आतड्यात. ते शोषून घेण्याची जागा मात्र लहान आतड्याच्या शेवटी. म्हणजे बाजारपेठ मागे राहिल्यावर माल तयार होतो!"

कोणी म्हणते कंदमुळे सोडल्यामुळे ही उणीव होते, कोणी स्पिरुलिनाची पूड घ्यायला सांगते. त्याविषयीही विचारले. कंदमुळात बी-१२ नसतेच, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. स्पिरुलिनात दिसते ते बहुतांशी नकली रूप असून शरीराला निरुपयोगी असते. इडली-ढोकळ्याच्या आंबवलेल्या पिठावरही विसंबता येत नाही. थोडक्यात, आपल्या ताटात भरवशाचे स्थान एकच : दूध, दही, ताक आणि पनीर. दूध फार वेळ आटवले तर बी-१२चा काही अंश नष्ट होतो. पनीर काढल्यावर उरणाऱ्या पाण्यातही काही अंश जातो. ते फेकू नये, कणीक मळायला वापरावे.

पुन्हा डॉक्टरांकडे गेलो तेव्हा घरातील एक जुनी गोळी घेऊन गेलो. रक्तवाढीसाठी आत्या अधूनमधून लोह आणि फॉलिक ॲसिड घेत असे. तेवढे पुरेसे नाही का, असे विचारताच त्यांनी मुंबईची एक कहाणी सांगितली. १९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे १९३१ मध्ये जगापुढे मांडले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फोलेट. "मोठा शोध," डॉक्टर म्हणाले, "पण त्याला एक सावध बाजू आहे. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड दिले, तर रक्ताचा अहवाल सुधारतो. नसांची हानी मात्र आतल्या आत चालूच राहते. वहीत जमा दिसते, तिजोरी रिकामी!"

त्याच ओघात पुण्याचा विषय निघाला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला आहे. त्या गरोदर मातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांत बी-१२ कमी आढळले. ज्या मातांत बी-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारी, प्रवृत्ती अधिक दिसली. ही शेतकरी कुटुंबे होती. प्रश्न केवळ आपल्या समाजाचा नाही आणि केवळ वृद्धांचाही नाही. घरातील सुनेच्या आणि लेकीच्या ताटाकडे पाहण्याचे हे आणखी एक कारण.

आता सर्वात नाजूक प्रश्न. आत्यानेच तो विचारला, "डॉक्टरसाहेब, हे इंजेक्शन कशापासून करतात? मला आधी ते सांगा." डॉक्टरांना राग आला नाही. ते म्हणाले, "तुमची शंका रास्त आहे. १९२६ साली या आजारावरचा पहिला उपचार निघाला, तो रुग्णाला प्राण्याचे यकृत खाऊ घालण्याचा होता. १९४८ मध्ये शुद्ध बी-१२ वेगळे करता आले. आज ते यकृतातून काढत नाहीत. कारखान्यात जीवाणूंकडून आंबवण्याच्या क्रियेने तयार करतात. फक्त कॅप्सूल घेताना तिचे आवरण विचारा. ते बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेले असते. वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूलही मिळते. साध्या गोळीला आणि इंजेक्शनला आवरणाचा प्रश्नच येत नाही."

आत्याने दुसरा प्रश्न विचारला, "म्हणजे माझ्या तपाने हे झाले का?"

खोलीत शांतता पसरली. डॉक्टर सावकाश म्हणाले, "आयंबिलच्या नऊ दिवसांच्या ओळीने किंवा पर्युषणातील उपवासाने बी-१२ संपत नाही, गोदाम तेवढे रिकामे होत नाही. पण ज्याची आवक वर्षानुवर्षे थोडी आहे, त्याने वर्षीतपासारखे दीर्घ तप हाती घेण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे. उणीव असेल तर ती भरून काढावी आणि मग तप करावे. बियासण्याच्या दिवशी दूध-दही दोन्ही वेळा ताटात असावे. शरीर एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट शोषते, म्हणून विभागून घेतलेले अधिक उपयोगी पडते."

माझ्या मुलीलाही त्यांनी सोडले नाही. पुण्यात शिकताना गोठ्यांची स्थिती पाहून तिने दूध सोडले आहे. "भावना उत्तम आहे," ते म्हणाले, "पण दूध सोडणाऱ्याने बी-१२ची गोळी कायमची धरली पाहिजे. यात सवलत नाही." ती आता दर रविवारी गोळी घेते आणि आत्याला त्याची आठवण करून देण्यात धन्यता मानते.

डॉक्टरांनी निरोप देताना सांगितलेल्या गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात, अशा आहेत. मुंग्या, बधिरपणा, अंधारात तोल जाणे, विसराळूपणा, जीभ लाल होऊन चुरचुरणे, यांपैकी काही असेल तर "वय झाले" म्हणण्यापूर्वी बी-१२ तपासावे. मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांनी लक्षणे नसतानाही डॉक्टरांना विचारावे. शेजाऱ्याच्या सल्ल्याने आधी इंजेक्शन घेऊन मग तपासणीला जाऊ नये; त्याने अहवाल फसवा येतो.

आत्याचे उपचार चालू होऊन काही महिने झाले. मुंग्या पुष्कळ कमी झाल्या, थकवा गेला, सामायिकात बसताना पाय बधिर होत नाही. पण घोट्यावरचे कंपन तिला अजूनही लागत नाही. "जे उशिरा आले, ते सर्व परत मिळेल असे नाही," हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. पहाटे स्थानकाकडे निघताना ती आता माझ्या मुलीचा हात धरते. मुलगी घरी नसली की मी जातो. वाटेत आत्या मला एकच गोष्ट बजावते, "अरे, मी सांगत होते तेव्हा कोणी एकाने तरी विचारायचे होते."

वाचकहो, तुमच्या घरातही कोणी काही सांगत असेल. आज विचारा.