वजूला दोन अर्थ, बाईच्या हक्काला एकच

‘तुम्ही आलिम नाही, अरबी येत नाही, तेव्हा कुराणाच्या अर्थात डोके घालू नका.’ कोल्हापुरात तलाकचा, पोटगीचा विषय काढला की हे उत्तर मला हमखास मिळते. मी इंजिनिअर आहे, मदरशात शिकलेलो नाही, हे खरे. पण अरबी येणाऱ्यांचे तरी कुठे एकमत आहे?

आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे गेलात की बघा. कोकणी मुसलमान शाफई, आपण घाटावरचे बहुतेक हनफी. वजूच्या आयतीत (५:६) ‘लामस्तुम’ असा एक शब्द आहे. बायकांना स्पर्श केलात तर, हा त्याचा सरळ अर्थ. शाफई म्हणतात, स्पर्श म्हणजे स्पर्श. बायकोच्या हाताला हात लागला तरी वजू तुटला. हनफी म्हणतात, इथे स्पर्श म्हणजे शरीरसंबंध. नुसत्या हात लागण्याने काही होत नाही. ग्रंथ तोच, शब्द तोच. हजार वर्षांहून अधिक काळ हे चालले आहे आणि त्यापायी कुणी कुणाला काफर ठरवत नाही. (माझ्या धंद्यात ग्राहकाच्या एकाच कागदावरून दोन टीमनी दोन वेगळ्या वस्तू बनवल्या, तर भांडण नक्की.)

पाठाचेही तेच. सूरह फातिहात आपण ‘मालिकि यौमिद्दीन’ म्हणतो, न्यायाच्या दिवसाचा मालक. मोरोक्कोत ‘मलिकि’ म्हणतात, त्या दिवसाचा राजा. एका कान्याचा फरक. खलिफा उस्मान यांच्या काळात, इ.स. ६५०च्या सुमारास, एक लिखित प्रत ठरली, पण त्या लिपीत स्वरचिन्हे नव्हती. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुजाहिद यांनी वाचनाच्या सात परंपरा ग्राह्य धरल्या. हे कुणा इस्लामद्वेष्ट्याचे संशोधन नव्हे, आपल्याच परंपरेतली विद्या आहे. कुराण अल्लाहचा शब्द आहे असे मानले, तरी तो ऐकणारी, लिहिणारी आणि त्याचा अर्थ लावणारी माणसेच होती.

इथपर्यंत मौलानाही मान डोलावतात. विषय बाईचा निघाला की मात्र अर्थ एकच उरतो. एका दमात दिलेले तीन तलाक चारही सुन्नी मजहब वैध धरत आले. अहले हदीस त्यांना एकच तलाक मानतात, शिया तर मानतच नाहीत. इतका मतभेद घरात असताना पर्सनल लॉ बोर्डाने सर्वोच्च न्यायालयात हा श्रद्धेचा प्रश्न असल्याचे सांगितले. २०१७ साली ती प्रथा तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द झाली.

त्याच्या पंधरा वर्षे आधी, २००२ साली, औरंगाबाद खंडपीठात दगडू पठाण खटल्याचा निकाल लागला होता. पूर्णपीठाने सूरह निसाच्या ३५व्या आयतीचा आधार घेतला : नवऱ्याकडचा एक आणि बायकोकडचा एक मध्यस्थ नेमा. नवऱ्याने पोटगीच्या दाव्यात ‘मी तलाक दिला आहे’ एवढे लिहून दिल्याने तलाक होत नाही. कारण, समेटाचा प्रयत्न आणि प्रत्यक्ष तलाक, सगळे सिद्ध करावे लागते. २०१९च्या कायद्याने एका दमातला तलाक गुन्हा झाला, पण टप्प्याटप्प्याने दिलेला तलाक आजही चालतो. त्या बायकांना हाच निकाल कामाचा आहे. आपल्या मोहल्ल्यात तो किती जणींना ठाऊक आहे?

ऑफिसातले काही मित्र मला सुटी आयत पाठवतात, ‘तुमच्यात हे असेच असते ना?’ त्यांचे आणि मौलानांचे एवढ्या एकाच मुद्द्यावर पटते : अर्थ एकच.

याच शहरात शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम शिक्षणाची संस्था काढली, कुराण मराठीत यावे म्हणून दरबारातून पैसा दिला. लोकांनी ते समजून वाचावे, हाच त्यामागचा हेतू असणार. नुसते कपाटात ठेवायला कुणी भाषांतर करून घेत नाही. म्हणून जमातीच्या विश्वस्तांकडे माझी साधी मागणी आहे. येत्या जुम्याच्या बयानात ३५वी आयत मराठीतून वाचा, दगडू पठाण निकाल समजावून सांगा, आणि तो ऐकायला बायकांनाही बसायला जागा करा.