शौक माणसाचा, जन्मठेप जनावराला

२०२५च्या सुरुवातीला बंगळूरुच्या एका श्वानशौकिनाने ५० कोटी रुपये मोजून वुल्फडॉग विकत घेतल्याची बातमी देशभर गाजली. वाहिन्यांनी कॅमेरे फिरवले, लोक सेल्फीसाठी रांगेत उभे राहिले. एप्रिलमध्ये ईडीचे अधिकारी दारात पोहोचले आणि दावा पोकळ असल्याचं समोर आलं. देश हसला आणि विसरला. आकडा खोटा होता, पण त्याभोवती जमलेली गर्दी खरी होती. लांडगा दाराशी बांधायची ही हौस पुढे कुठे जाते, ते पाहायचं तर अमेरिकेकडे पाहावं लागतं.

वुल्फडॉग म्हणजे लांडगा आणि कुत्रा यांचा संकर. अमेरिकेत त्याची पैदास हा उघड धंदा आहे. काही राज्यांत बंदी, काहींत परवाना, तर काहींत कुणी विचारतही नाही. पिल्लू लोभस असतं. दोनेक वर्षांत ते वयात येतं आणि त्याच्यातला लांडगा जागा होतो. ते कुंपणाखालून खणतं, घरातलं सामान फाडतं, परक्या माणसाला बुजतं, शेजाऱ्याच्या मांजरामागे शिकारीसारखं धावतं. त्यात जनावराचा दोष काय? तरीही मालक हात वर करतो. कुत्र्यांचे नेहमीचे निवारे त्याला घ्यायला कचरतात. मग उरतात दोनच वाटा, मरणाची सुई किंवा एखादं आश्रयस्थान.

अशी आश्रयस्थानं आहेत. कोलोरॅडोत १९८८ पासून ‘मिशन वुल्फ’ आहे, न्यू मेक्सिकोत ‘वाइल्ड स्पिरिट’, कॅनडाच्या अल्बर्टात ‘यामनुस्का’. तिथला खर्च कल्पनेतला नाही. माणसाच्या डोक्यावरून जाणारं कुंपण, जमिनीतून खणून जाऊ नये म्हणून खाली पुरलेली जाळी, मांसाची न संपणारी सोय, कळपात राहणाऱ्या जिवाला जुळेल असा जोडीदार. हे सगळं दहा-पंधरा वर्षं, एकेका जनावरामागे. पैसा देणगीदारांचा, कष्ट स्वयंसेवकांचे. पैदास करणारा मात्र पिल्लाची किंमत खिशात घालून केव्हाच मोकळा झालेला असतो.

‘आश्रयस्थानं आहेत ना, मग काळजी कसली?’ असं म्हणणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. या जागा कायम भरलेल्या असतात. एकाला घेतलं की दहांना नकार द्यावा लागतो, आणि तो नकार म्हणजे बहुधा मृत्यू. प्राण्यांवर खरी माया असलेली जागा आपल्याकडे पैदास होऊ देत नाही, तिथे नवं पिल्लू जन्मत नाही. एक दिवस आपली गरजच उरू नये, हेच तिचं ध्येय असतं. जिथे पिल्लं विकली जातात, ते दुकान आहे. पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

दुसरा युक्तिवाद ‘जबाबदार मालका’चा. समजा मालक जबाबदार आहे, तरी कायद्याचं काय? अमेरिकेत वुल्फडॉगसाठी रेबीजची मान्यताप्राप्त लस नाही. कुत्र्याची लस टोचली तरी सरकारी नियम ती धरत नाहीत. तो कुणाला चावला, तर अनेक ठिकाणी त्याला मारून मेंदू तपासला जातो. मालकाच्या प्रेमाला तिथे कुणी विचारत नाही. आणि हौशीचं म्हणाल, तर ‘गेम ऑफ थ्रोन्स’ पाहून लोकांनी हस्की कुत्री घेतली आणि मग रस्त्यावर सोडली. २०१७ मध्ये त्या मालिकेतला नट पीटर डिंकलेज याला ‘असं करू नका’ म्हणून आवाहन करावं लागलं. हस्की तर निव्वळ कुत्रा!

आपल्याकडे याचं वेगळंच दुखणं आहे. २०२३ मध्ये पुण्याजवळच्या माळरानातला एक प्राणी लांडगा-कुत्रा संकर असल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. तिथे कुणी शौक केला नव्हता. माळरान आक्रसत गेलं, मोकाट कुत्री वाढली, लांडग्याला जागा उरली नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला सर्वोच्च संरक्षण दिलंय. पण ज्या माळावर तो जगतो, त्या माळाला आपण ‘पडीक’ म्हणतो आणि प्लॉट पाडतो. खऱ्या लांडग्याला हाकलायचं आणि नकली लांडग्यासोबत सेल्फी काढायचा, याला प्राणिप्रेम कसं म्हणायचं?

म्हणून मागणी सरळ आहे. वुल्फडॉगच्या पैदाशीवर आणि विक्रीवर बंदी हवी, नुसत्या पाळण्यावर नव्हे. आज जे जिवंत आहेत, त्यांच्या पोटाचा खर्च पैदास करणाऱ्यांकडून वसूल व्हावा. आश्रयस्थानांना देणगी जरूर द्या. पण दुकान चालू ठेवून दिलेली देणगी शेवटी त्या दुकानदाराचंच बिल भरते.