घाट चुकवण्याचा घाट

कशेडी घाट चढणारा माणूस घाटावर पोहोचत नाही, आणि महाड-पोलादपूरकडच्या कोणालाही यात विसंगती वाटत नाही. रायगडातील पोलादपूर आणि रत्नागिरीतील खेड यांना जोडणारा हा रस्ता सह्याद्रीच्या माथ्याला न जाता मधला डोंगर तेवढा ओलांडतो आणि कोकणातून निघून कोकणातच उतरतो. ‘घाटावर’, म्हणजे देशावर, जायचे तर पोलादपुराहून आंबेनळीने महाबळेश्वर किंवा महाडहून वरंध्याने भोर गाठावे लागते. ‘घाटात’ म्हटले की डोंगरातली वाट आणि ‘घाटावर’ म्हटले की अख्खा मुलूख, इतका फरक एका प्रत्ययाने पडतो. त्यातही सावित्रीकाठच्या एखाद्या घरातून ‘घाटावर गेलेत’ असे उत्तर आले, तर मंडळी साताऱ्याला पाहुण्यांकडे गेली आहेत, नदीच्या पायऱ्यांवर धुणे घेऊन गेली आहेत की कोणाच्या दहाव्याला, हे सांगणाऱ्याचा चेहरा पाहिल्याखेरीज ठरत नाही.

युरोपीयांनी तर खिंडीचे हे नाव सगळ्या पर्वताला देऊन टाकले आणि तेच ‘पश्चिम घाट’ होऊन आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत परत आले. कोकणी माणसाने देशावरच्याला ‘घाटी’ म्हणून नाक मुरडले खरे, पण मुंबईतल्या इतरांनी पुढे कोकण्यासकट यच्चयावत मराठी माणसाला तेच विशेषण बहाल केले.

हंड्याचा घाट सुबक असतो तेव्हा शब्दाचा अर्थ घडण असा होतो. मात्र त्याला ‘घालणे’ हे क्रियापद जोडले की खटाटोप, तोही बोलणाऱ्याच्या मते बहुधा अनावश्यक, असा अर्थ निघतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचा घाट २०११ पासून चालू आहे आणि त्यातच कशेडीची नागमोडी वळणे चुकवण्यासाठी सुमारे दोन किलोमीटरच्या जोडबोगद्याचाही घाट घालण्यात आला. त्याची एक बाजू २०२३ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर चाकरमान्यांसाठी खुली झाली.

संस्कृतातील ‘घट्ट’ या शब्दाला नदीच्या उताराबरोबरच जकातीच्या नाक्याचाही अर्थ आहे, आणि ‘घट्टकुटीप्रभातन्याय’ त्यावरूनच आला : जकात चुकवण्यासाठी रात्रभर आडवाटेने भटकलेला व्यापारी पहाटे नेमका जकातीच्या झोपडीपाशीच येऊन उभा राहतो. घाट टाळण्यासाठी डोंगराच्या पोटातून काढलेल्या या वाटेलाही लोक ‘कशेडी घाटातला बोगदा’ असेच म्हणतात.